नत्र, स्फुरद आणि वाहते पाणी : प्रस्तावना

डीएपीच्या ५० किलोच्या गोणीवर १८:४६:० असे छापलेले असते. नत्र १८ टक्के, स्फुरद ४६ टक्के, पालाश शून्य. शेतकऱ्याला दुकानात एवढी माहिती पुरते. बाटली घेऊन ओढ्यावर जाणाऱ्याला मात्र ते ४६ टक्के नेमके कशाचे, हे आधी विचारावे लागते. खतांच्या व्यवहारात स्फुरद हे मूलद्रव्य म्हणून मोजत नाहीत, त्याच्या ऑक्साइडच्या रूपात मोजतात. म्हणजे गोणीत २३ किलो ऑक्साइड आणि त्यात मूळ स्फुरद साधारण १० किलो. आता दुसऱ्या टोकाने पाहू. साठलेल्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम स्फुरद असले की शेवाळाची चंगळ होते. या प्रमाणात १० किलो स्फुरद १० कोटी लिटर पाण्याला पुरते.

अर्थात गोणीतले सगळे खत ओढ्यात जात नाही. बरेचसे पिकात जाते, नाहीतर मातीला धरून बसते. पण एकरी पाव किलो स्फुरद वाहून गेले असे धरा. शेताच्या जमाखर्चात ही गळती कोणी लिहूनसुद्धा ठेवणार नाही. खालच्या तलावाच्या जमाखर्चात ती २५ लाख लिटर पाणी हिरवे करण्याइतकी आहे. शेतावर जे नगण्य असते ते पाण्यात शोधायचे, आणि तेही पाणी वाहत असताना, असा हा अभ्यास आहे.

या अभ्यासाकडे लोक निरनिराळ्या वाटांनी येतात. कोणी रसायनशास्त्र शिकलेले असतात, कोणी जलसंपदा खात्यात विसर्ग मोजलेले, कोणी संख्याशास्त्राचे, कोणी मासे किंवा पक्षी पाहता पाहता पाण्यापर्यंत पोहोचलेले. सगळे एकट्याला येणे शक्य नाही आणि त्यात कमीपणाही नाही. पुढील प्रकरणे वाचायला बारावीचे रसायनशास्त्र, त्रैराशिक आणि पावसात भिजायची तयारी एवढी शिदोरी पुरे.

नत्र-स्फुरदाचाच एवढा बाऊ का, याचे उत्तर कॅनडातल्या एका तलावात मिळते. १९७३ साली डेव्हिड शिंडलर यांनी ओंटारिओ प्रांतातल्या प्रायोगिक तलावांपैकी २२६ क्रमांकाचा तलाव मध्ये पडदा ताणून दोन भागांत विभागला. एका भागात कर्ब आणि नत्र घातले; दुसऱ्या भागात कर्ब, नत्र आणि स्फुरद. दुसरा भाग हिरवागार झाला, पहिला तसाच राहिला. वरून काढलेले ते छायाचित्र पुढे धोरणे ठरवणाऱ्यांच्या टेबलांवर पोहोचले आणि डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवरच्या वादाला त्याने वळण दिले. नदीच्या मुखाशी गोष्ट निराळी असते, तिथे नत्राचे पारडे बहुधा जड. मिसिसिपी नदी जिथे मेक्सिकोच्या आखातात शिरते तिथे दर उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपतो. २०१७ साली तो पट्टा सुमारे २२,७०० चौरस किलोमीटरचा मोजला गेला. इतके कारण पुरे. हे पुस्तक मोजण्याविषयी आहे.

मोजण्याची गोष्ट निघाली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा येते. तिथली अडचण तुलनेने सुटलेली आहे. स्फुरदासाठी मर्फी आणि रायली यांनी १९६२ साली सुटसुटीत केलेली निळ्या रंगाची पद्धत आजही जगभर चालते. मॉलिब्डेट, थोडे अँटिमनी आणि क जीवनसत्त्व म्हणून ओळखले जाणारे ॲस्कॉर्बिक आम्ल मिसळले की फॉस्फेटच्या प्रमाणात पाणी निळे होत जाते आणि त्या निळेपणाचे मोजमाप प्रकाशमापकावर होते. नायट्रेटसाठी कॅडमियमवरून पाणी नेऊन त्याचे नायट्राइट करतात आणि मग गुलाबी रंग आणतात. दोन्ही पद्धतींत खाचाखोचा आहेत. पाण्यात आर्सेनेट असेल तर तेही निळे होते. बाटली फॉस्फेट असलेल्या साबणाने धुतली असेल तर आपण साबण मोजत असतो. पण सावध रसायनतज्ज्ञाला या गोष्टी ठाऊक असतात. कोरा नमुना, जोड नमुना आणि मुद्दाम ठरावीक स्फुरद मिसळलेला नमुना यांच्या पहाऱ्यात त्या पकडल्या जातात.

खरी चूक काठावर होते. बाटली कुठे बुडवली, कधी बुडवली, बुडवताना ओढ्यातून किती पाणी चालले होते, गाळणी तिथेच लावली की संध्याकाळी, बर्फ होता का: यांतल्या प्रत्येक प्रश्नाने उत्तर जेवढे हलते तेवढे ते उपकरणाच्या तिसऱ्या दशांशाने कधीच हलत नाही. माझे स्पष्ट मत असे की आपल्याकडे या क्षेत्रात उपकरणांवर जेवढा खर्च होतो त्याचा थोडा हिस्सा चांगल्या गमबुटांवर आणि काठावरच्या पट्ट्यांवर झाला असता तर आकडे अधिक विश्वासार्ह झाले असते.

गाळणीचेच घ्या. पाण्यातले स्फुरद काही विरघळलेले असते, काही गाळाच्या कणांना चिकटलेले. दोन्हींची सीमा निसर्गाने आखलेली नाही. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जे उतरले ते विरघळलेले, असे आपण ठरवले आहे. त्या छिद्रांतून अतिसूक्ष्म मातीकणही उतरतात, म्हणून ‘विरघळलेले स्फुरद’ हा शब्दप्रयोग खरे तर एका रीतीचे वर्णन आहे. रीत पाळली तर दोन आकड्यांची तुलना होते, नाहीतर नाही. गढूळ पाण्याची बाटली न गाळता दुपारभर जीपमध्ये राहिली तर कण आणि पाणी यांच्यात देवघेव चालू राहते. जिवाणू नत्राची रूपे बदलतात, शेवाळ फॉस्फेट खाते. संध्याकाळी प्रयोगशाळेत जे पोहोचते ते सकाळचे पाणी नसते.

मग आकड्यापुढच्या एककाचा प्रश्न. एखाद्या अहवालात ‘नायट्रेट १२ मिलिग्रॅम प्रतिलिटर’ असे लिहिले आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा ४५ आहे, तेव्हा काळजी नसावी? ४५ ची मर्यादा पूर्ण नायट्रेटच्या वजनाची आहे. अहवालातले १२ जर नुसत्या नत्राचे असतील तर त्यांचे नायट्रेट होते ५३, आणि पाणी मर्यादेबाहेर जाते. गुणक ४.४३, फॉस्फेट आणि स्फुरद यांच्यामधला गुणक ३.०७. हा गोंधळ आपल्याकडेच आहे असे समजू नये. अमेरिकेत स्प्रेग आणि सहकाऱ्यांनी शेकडो संस्थांच्या सुमारे अडीच कोटी नोंदी एकत्र केल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध केले की त्यांतल्या निम्म्याहून अधिक नोंदींत काही ना काही मोघम आहे: नत्र म्हणून की नायट्रेट म्हणून, गाळलेले की न गाळलेले, एकक कोणते. पाणी मोजले गेले, पैसे खर्च झाले, आणि एक शब्द न लिहिल्यामुळे आकडा दुसऱ्याच्या कामाचा उरला नाही. या पुस्तकात नत्र आणि स्फुरद म्हटले की मूलद्रव्याचेच वजन धरले आहे.

तसाच एक लहान पण खोडकर प्रश्न म्हणजे ‘आढळले नाही’. उपकरणाला ०.०२ च्या खालचे दिसत नसेल तर नोंद ‘०.०२ पेक्षा कमी’ अशी हवी. प्रत्यक्षात कोणी शून्य लिहितो, कोणी ०.०१, कोणी रकाना मोकळा सोडतो. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेनिस हेल्सेल यांनी निम्मी किंमत भरण्याच्या सवयीला आकडे बनवणे म्हटले होते. शब्द कडक आहे; पण वीस वर्षांनी उपकरण सुधारते, मर्यादा ०.०२ वरून ०.००२ वर येते, आणि ओढा अचानक दहापट स्वच्छ झाल्याचा भास होतो, तेव्हा तो कडकपणा पटतो.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. बाटली प्रमाण सांगते: लिटरमागे किती. धरणाला, खाडीला, समुद्राला प्रमाणाने फरक पडतो त्याहून अधिक एकूण भाराने पडतो: दिवसाला, वर्षाला किती किलो. भार म्हणजे प्रमाण गुणिले विसर्ग. लिटरमागचे मिलिग्रॅम आणि सेकंदाचे घनमीटर यांचा गुणाकार केला की सेकंदाचे ग्रॅम मिळतात, त्याला ८६.४ ने गुणले की दिवसाचे किलो.

उदाहरणासाठी शहराखालचा एखादा नाला घेऊ. एप्रिलमध्ये त्यात सेकंदाला ०.२ घनमीटर पाणी आहे, जवळजवळ सगळे सांडपाणी, आणि स्फुरद लिटरमागे २ मिलिग्रॅम. भार होतो दिवसाला साधारण ३५ किलो. जुलैमध्ये त्याच नाल्यातून सेकंदाला २० घनमीटर पाणी चालले आहे आणि स्फुरद ०.३ वर उतरले आहे. अहवालाचा तक्ता सांगेल की पावसाळ्यात पाणी सुधारले, आणि प्रमाणापुरते ते खरेही आहे. भार मात्र दिवसाला ५१८ किलो झाला आहे, म्हणजे उन्हाळ्याच्या पंधरापट. याहून मोठा मासला हवा असेल तर पावसाळ्यातले वर्तमानपत्र उघडावे. धरणातून १० हजार क्युसेक विसर्ग सोडल्याची बातमी येते, पूल पाण्याखाली जातात, लोक काठावर पाणी पाहायला जमतात. १० हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८३ घनमीटर. त्या पाण्यात स्फुरद फक्त ०.१ असले तरी दिवसाला सुमारे २.४ टन स्फुरद खाली जाते. इतक्या ‘चांगल्या’ पाण्याचा नमुना घ्यायला सहसा कोणाला सुचत नाही.

दख्खनच्या पठारावरच्या ओढ्यांत हा प्रश्न आणखी टोकाला जातो. आपले बहुतेक वार्षिक पाणी जून ते सप्टेंबरमध्ये येते, आणि त्यातलेही मोजक्या लोंढ्यांत. महिन्याला एक याप्रमाणे वर्षात बारा बाटल्या भरल्या तर पावसाळ्याच्या वाट्याला चार येतात, आणि त्यांतली एकही लोंढ्यावर पडेल याची खात्री नाही. बाटल्या भरल्या जातात कामाच्या दिवशी, उजेडी, रस्ता कोरडा असताना. पूर येताना रविवार पाहत नाही. शिवाय लोंढा चढताना आणि उतरताना, विसर्ग तेवढाच असला तरी, पाणी तेच नसते. चढत्या पाण्यात शेतांची माती, रस्त्याची धूळ, नाल्यात साचलेला गाळ असतो आणि त्यांना चिकटलेले स्फुरद असते. उतरत्या पाण्यात ते कमी होते. नायट्रेट पुष्कळदा उलटे वागते. ते मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली उतरते आणि पाऊस ओसरल्यावर मुरमातून झिरपून ओढ्यात येते. पेरणीनंतरचा पहिला मोठा पाऊस आणि सप्टेंबरातला तेवढाच पाऊस यांच्यात खताच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर असते.

बाटल्यांच्या मधल्या दिवसांचे काय करायचे, यावर संख्याशास्त्राचे एक अख्खे दालन उभे राहिले आहे. विसर्ग रोज मोजलेला असेल तर प्रमाण आणि विसर्ग यांचे नाते काढून मधले दिवस भरता येतात. हे नाते बहुधा लॉगरिदममध्ये काढतात आणि परत साध्या आकड्यात आणताना उत्तर खाली घसरते. रॉब फर्ग्युसन यांनी १९८६ साली दाखवले की या घसरणीमुळे नद्यांचा भार पद्धतशीरपणे कमी धरला जात होता. रॉबर्ट हर्श आणि सहकाऱ्यांनी २०१० साली चेसापीक उपसागराच्या नद्यांसाठी जी भारित रीत मांडली तिच्यात हे नाते काळानुसार, ऋतूनुसार आणि विसर्गानुसार बदलू दिले जाते. या रीती शिकाव्यात, वापराव्यात. पण ज्या लोंढ्याची एकही बाटली नाही त्याचे स्फुरद कोणतेही सूत्र शोधून देत नाही.

मन लावून मोजले की काय हाती लागते, हे पाहायला अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली मॉमी नदी पाहावी. ती टोलेडो शहराजवळ ईरी सरोवराला मिळते. १९६० च्या दशकात ईरी मेल्यात जमा धरले जात होते. १९७२ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी करार केला, सांडपाण्यातले स्फुरद उतरवले, डिटर्जंटमधले घटवले, पुढे वर्षाला ११ हजार टनांचे लक्ष्य ठरले, आणि सरोवर सावरले. दरम्यान टिफिन गावच्या हायडलबर्ग या लहानशा विद्यापीठात डेव्हिड बेकर यांनी एक कंटाळवाणे काम सुरू केले होते. मॉमीच्या काठावर १९७५ पासून स्वयंचलित यंत्र दिवसातून अनेकदा नमुना उचलते. एरवी त्यांतला दिवसाचा एक तपासतात, पुराच्या दिवसांत सगळे. आणि ते एकूण स्फुरद वेगळे मोजत आले, विरघळलेले वेगळे.

या शेवटच्या सवयीचे मोल दोन दशकांनी कळले. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर एकूण स्फुरदाच्या आलेखात फारसे काही घडत नव्हते. लक्ष्य बरेचसे पाळले जात होते. विरघळलेल्या स्फुरदाचा आलेख मात्र आधी उतरून पुन्हा चढू लागला होता. कणांना चिकटलेल्या स्फुरदातले शेवाळाला थोडेच मिळते. विरघळलेले जवळजवळ सगळे मिळते. नवे सहस्रक लागले तशी सरोवराच्या पश्चिम टोकाला हिरवी साय परत आली. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडोच्या नळाच्या पाण्यात शेवाळी जिवाणूंचे विष सापडले आणि चार लाखांहून अधिक लोकांना पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. उकळूनही ते विष जात नाही. कारणांवर अजून वाद आहे. जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्या वाढल्या, मोठे पाऊस वाढले, खत वरवर फेकण्याची चाल वाढली. आणखी एक संशयित आहे तो मोठा अडचणीचा: माती वाहून जाऊ नये म्हणून नांगरट सोडण्याचा जो चांगला सल्ला दिला गेला, त्यामुळे खत वरच्या दोन बोटांत साचून राहिले आणि पावसात विरघळून गेले. २०१६ साली दोन्ही देशांनी मार्च ते जुलै या काळातला मॉमीचा भार २००८ च्या तुलनेत ४० टक्के उतरवायचे ठरवले. त्यात विरघळलेल्या स्फुरदाचे लक्ष्य स्वतंत्र आहे. दर महिन्याच्या बाटलीवर आणि एका एकत्रित आकड्यावर भिस्त ठेवली असती तर हे स्वतंत्र लक्ष्य कोणाला सुचले असते, असे मला वाटत नाही.

आपल्याकडची मापपट्टी मुख्यतः बीओडीची आहे, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात याची. तिचे मूळ ब्रिटनमधल्या सांडपाणी आयोगात आहे. तिथे ती पाच दिवसांची होती, आपण आपल्या हवेला साजेशी २७ अंशांवर तीन दिवसांची केली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे प्रदूषित पट्टे बीओडीवरून ठरवते. २०१८ साली देशात असे ३५१ पट्टे होते, २०२२ च्या अहवालात ३११. महाराष्ट्रातले ५३ चे ५५ झाले, आणि दोन्ही वेळा आपण पहिले. नायट्रेट, फॉस्फेट तपासले जात नाहीत असे नाही; पण पाण्याचा वर्ग ठरवताना त्यांना विचारत नाहीत. शुद्धीकरण केंद्रातून बीओडी नियमात बसवून सोडलेल्या पाण्यात स्फुरद बरेचसे तसेच असू शकते. विरघळलेल्या प्राणवायूचीही गंमत आहे. शेवाळाने भरलेला डोह भर दुपारी प्राणवायूने ओसंडत असतो, पहाटे त्यातच मासे मरतात. अकरा वाजताची बाटली त्याला उत्तम शेरा देते.

उजनीचे धरण या सगळ्या प्रश्नांच्या खालच्या टोकाला आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून तिथे येते. वाटेत उसाचे मळे आहेत. आणि त्याच पाण्यावर सोलापूरची तहान भागते. भिगवणला रोहित पक्षी पाहायला गेलेल्यांनी ते हिरवे पाणी पाहिलेले असते. शहर म्हणते शेती, शेती म्हणते शहर. या भांडणाला मोजमापाच्या भाषेत नीट रूप देता येते. सांडपाणी बारमाही जवळजवळ सारखे येते, म्हणून विसर्ग वाढला की त्याचे प्रमाण घटते आणि भार जागच्या जागी राहतो. शेतातले येते पावसाबरोबर, म्हणून विसर्ग वाढला की त्याचा भार झपाट्याने वाढतो. एकाच ठिकाणचे एप्रिलचे आणि लोंढ्यांचे भार शेजारी ठेवले तर दोघांचे वाटे अंदाजाने वेगळे करता येतात. त्यासाठी शंभर ठिकाणच्या मासिक बाटल्यांपेक्षा दोन-तीन ठिकाणचे अखंड मोजमाप जास्त कामाचे आहे. हे म्हटले की बैठकीत नाराजी पसरते, कारण शंभर ठिपक्यांचा नकाशा भिंतीवर छान दिसतो.

नव्या साधनांविषयी थोडक्यात. नायट्रेट अतिनील प्रकाश शोषते, म्हणून पाण्यात बुडवून ठेवलेले संवेदक दर पंधरा मिनिटांनी त्याचे प्रमाण सांगू शकतात. गढूळ पाण्यात ते अडखळतात, त्यांच्या काचेवर शेवाळ चढते, आणि पुसायला माणूस लागतोच. स्फुरदासाठी असे सरळ प्रकाशाचे साधन नाही. गढूळपणावरून अंदाज बांधतात, आणि तोही आधी त्या ओढ्याच्या पुरेशा बाटल्या तपासल्यावर.

सुरुवात करायला यातले काहीच लागत नाही. आपल्या गावचा एक ओढा निवडावा, शक्यतो पूल असलेला, म्हणजे पुरातही पाण्यात न उतरता दोरीने बाटली सोडता येते. मेमध्ये, तळ उघडा असताना, पुलाच्या खांबावर सेंटिमीटरची पट्टी रंगवावी आणि पात्राचा आडवा छेद मोजून ठेवावा. पाणी आले की वेग मोजावा. साधन नसेल तर संत्रे सोडून दहा मीटरला किती सेकंद लागतात ते पाहावे आणि आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणावे, कारण वरचे पाणी सरासरीपेक्षा जलद धावते. उथळ, खळाळत्या ओढ्याला मिठाचे द्रावण आणि विद्युतवाहकता मोजणारे साधे यंत्र अधिक चांगले. ती कृती तिसऱ्या प्रकरणात आहे. गाळण्या, बर्फाचा डबा आणि आम्लाने धुतलेल्या बाटल्या मृगाच्या आधी तयार असाव्यात. वहीत वेळ, पट्टीवरची पातळी, पाणी चढते की उतरते, आणि वर कोणत्या शेतात नुकतेच खत पडले आहे, हे त्याच जागी उभे राहून लिहावे. पहिला लोंढा बहुधा रात्री येतो, तेव्हा टॉर्चचे सेल पाहून ठेवावेत आणि पुलावर दोघांनी जावे.